मोडलेलं लॉक आणि पिवळा त्रिकोण

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या सीपीयूला मागे बोटाच्या पेराएवढा निळा तुकडा लावलेला असे. मित्र त्याला ‘लॉक’ म्हणतो. ते नसेल तर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. पूर्वी ही लॉकं प्रिंटरच्या पोर्टला लागत, पुढे यूएसबीवर आली. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत झाडू लागून मित्राचं लॉक मोडलं आणि कुणीतरी पेनड्राइव्हवर ‘व्हर्च्युअल डोंगल’, म्हणजे आभासी लॉक, आणून दिलं.

हा प्रकार म्हणजे लॉकमधल्या माहितीची नक्कल, आणि सोबत पोर्टात लॉक बसलंय अशी खोटी साक्ष देणारा ड्रायव्हर. विंडोज एक्सपीच्या काळात ही साक्ष खपून जायची. मित्राच्या नव्या मशीनवर मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ५२’ आला. अर्थ एवढाच, की ड्रायव्हरवरची डिजिटल सही पटत नाही. ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या देवघरात शिरतो. म्हणून ६४ बिट व्हिस्टापासून तिथे सही लागते, आणि २०१६ पासून नव्या ड्रायव्हरला साधारणपणे खुद्द मायक्रोसॉफ्टची. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर सही असलेले काही जुने ड्रायव्हरही अडतात.

सहीची ही अट सैल व्हावी म्हणून दुरुस्तीवाल्या पोराने सिक्युअर बूट बंद करून टेस्ट मोड चालू करायचं ठरवलं. मशीन पुन्हा सुरू झालं ते डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागत. एका किल्लीपायी दुसरी शोधायची वेळ आली! ती सापडली हे नशीब. पण ज्या मशीनवर जीएसटी आणि बँकेचे व्यवहार चालतात, तिथे अनोळखी ड्रायव्हरसाठी पहारा उठवणं मला तरी वेडेपणा वाटतो. शिवाय लायसन्सच्या अटींत अशी नक्कल सहसा बसत नाही.

खरं लॉक असूनही दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. जुना ड्रायव्हर पुरता काढा, लॉक उपसा, कंपनीच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर टाका, मग लॉक लावा. सेंटिनल जातीचं लॉक नेटवर्कवर असेल तर फायरवॉलमध्ये १९४७ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का पाहा. (आकडा आपल्याला पाठ व्हायला सोपा!)

मित्राने शेवटी मोडकं लॉक कंपनीकडे जमा केलं आणि पैसे भरून नवं घेतलं. आता ते एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणून मॉनिटरच्या पायाला रबरबँडने बांधलंय.