धुळीची ॲलर्जी: शोध रस्त्यावर, कारण गादीत

जालन्यात कुणाला दम लागला की बोट आधी रस्त्यावरच्या धुळीकडे जातं, नाहीतर सळयांच्या कारखान्यांकडे. धूळ आणि धूर दमेकऱ्याला छळतात, यात वाद नाही. पण उठल्या उठल्या शिंकांवर शिंका येत असतील, रात्री छाती घरघरत असेल, तर अंथरूणही तपासायला हवं.

कपाशीवरचा लाल कोळी इथल्या शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. त्याच्याच गणगोतातला, जेमतेम ०.३ मिलिमीटरचा एक कोळी गाद्या-उशांत आणि गोधड्यांत राहतो. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. घरच्या धुळीतला खरा दोषी हा कोळी, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. यातलं एक प्रथिन त्वचेचं आवरणही पोखरतं. इसब असलेल्याची त्वचा मुळातच कोरडी, भेगाळ; तिथं त्याचं चांगलंच फावतं. म्हणून अशा त्वचेला रोज साधं, बिनऔषधी मलम किंवा खोबरेल लावून ओलावा देणं हा उपचाराचाच भाग आहे.

इसब म्हणजे खरूज नव्हे. खरजेचा कोळी निराळा. तो कातडीत बीळ करतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. इसब कुणालाही लागत नाही. कोपराच्या लवणीत चट्टे आहेत म्हणून मुलीला वर्गात वेगळं बसवणं हा निव्वळ अन्याय आहे.

‘गादीला ऊन दिलं की झालं’ हेही अर्धंच खरं. उन्हानं काही कोळी वाळून मरतात, पण विष्ठा कापसातच राहते. आपल्याकडे घटस्थापनेआधी दसरा काढतात, घरातली गोधडी न् गोधडी धुतात. ही वेळ अगदी नेमकी आहे! गादीतला हा कोळी पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. त्यामुळे पावसाळ्यात तो फोफावतो. मात्र वर्षातून एकदा धुऊन भागत नाही. चादरी, अभ्रे दर आठवड्याला, जमल्यास ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. अंथरूण झटकताना दमेकऱ्याला लांब ठेवा. एवढ्यानं दमा जाईल, अशी आशा मात्र धरू नका, औषध लागतंच.

आणि तिथंच सगळ्यात घातक समज आडवा येतो: ‘दम्याच्या पंपाची (इन्हेलरची) सवय लागते.’ सवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. बंद केल्यावर धाप परतते, कारण आजार तिथंच असतो. गंमत म्हणजे पंपातल्या स्टेरॉइडला भिणारी माणसं दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची मिश्र मलमं आणून महिनोन्‌महिने चोळतात. कातडी पातळ होते ती त्यानं.

बरं वाटलं म्हणून पंप परस्पर सोडू नका. मात्रा डॉक्टरांना विचारूनच कमी करा, लहान मुलांना पंपाला स्पेसर (औषध ओढायची नळी) लावून द्या आणि स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर दर वेळी चूळ भरून टाका.