वीजघर पोटात घेऊन फिरणारे इंजिन

अमेरिकेत सेंट लुईस येथील राष्ट्रीय वाहतूक संग्रहालयात १०३ क्रमांकाचे एक डीझेल इंजिन जपून ठेवले आहे. गडद हिरवा व पिवळा रंग, पुढे फुगीर नाक. वाफेच्या इंजिनाचे दांडे आणि चाके उघड्यावर खेळताना दिसतात. हे मात्र पेटीसारखे बंद. तेव्हा त्याचे कौतुक करायचे तर आत काय चालते हे आधी समजून घेतले पाहिजे.

वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोराने ओढू शकते. डीझेलला ते साधत नाही. ते आधी स्वतः फिरत असावे लागते, आणि फार संथ झाले की बंद पडते. मग हजारो टनांची मालगाडी हलवायची कशी? त्यावर तोड अशी निघाली की, डीझेलने जनित्र फिरवावे, जनित्राने आसांवरील मोटारींना वीज द्यावी आणि चाके मोटारींनी फिरवावी. गाडी हलवतेवेळीच या मोटारींचा जोर सर्वांत अधिक असतो. आपली डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली ती विजेच्याच इंजिनावर. पण ते वीज वरच्या तारेतून घेई. १०३ ला तारेची गरज नाही, त्याचे वीजघर त्याच्या पोटातच!

जनरल मोटर्सच्या ला ग्रेंज येथील कारखान्यातून ते १९३९ साली बाहेर पडले. प्रत्येकी १३५० अश्वशक्तीचे चार भाग जोडलेले, आणि चारही एकाच चालकाच्या हाती. अकरा महिन्यांत वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर त्याने ८३,००० मैलांहून अधिक मजल मारली. वाळवंटात बॉयलरसाठी चांगल्या पाण्याची वाण असलेली सांता फे कंपनी पहिल्या गिऱ्हाइकांत होती, यात नवल नाही.

वाफेची दोन इंजिने जोडली तर माणसांच्याही दोन जोड्या लागत. येथे एकीवर भागे. त्या जोडीतला फायरमन, म्हणजे आपला आगवाला, १९३७ च्या करारामुळे डीझेलवरही राहिला. कक्षात डाव्या बाजूची जागा त्याची असे. आगच नाही तर आगवाला कशाला, असे कंपन्या विचारू लागल्या. संघटनेचे म्हणणे, रुळावर दुसरी नजर हवी. (मला स्वतःला दोन्ही बाजू खोट्या वाटत नाहीत.) देशव्यापी संपाची वेळ आली तेव्हा १९६३ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून प्रश्न लवादाकडे सोपवला. मालगाड्यांवरील व यार्डातील आगवाल्यांच्या शंभरांतील नव्वद जागा हळूहळू कमी करता येतील, असा निवाडा त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला.