लंगोटाखालचा पावसाळा

तान्ह्या बाळाच्या बुडावर उठलेली लाली जरा निरखून पाहावी. कुल्ल्यांचे फुगीर भाग, मांड्यांची आतली बाजू, ओटीपोटाचा खालचा पट्टा हे सगळं लाल झालेलं असतं. जांघेच्या खोल घड्या मात्र बहुतेक वेळा कोऱ्या राहिलेल्या दिसतात. जिथे ओलं कापड किंवा डायपर कातडीला टेकतं तिथे आग, आणि जिथे ते पोचत नाही तिथली कातडी शाबूत. लालीचा हा नकाशा फार बोलका आहे, कारण आपल्या घरांत या पुरळाचं निदान त्याच्याकडे न बघताच होऊन जातं. बाळाला उष्णता झाली, आईच्या खाण्यात काही गरम आलं, नाहीतर दात येताहेत. आता उष्णता आतून बाहेर पडत असती तर तिने नेमके फुगवटे निवडून घड्या कशाला वगळल्या असत्या? हे दुखणं बाहेरून येतं. कातडीची भिंत ओलीने ढिली पडते आणि मग शीमधली रसायनं ती पोखरतात. एवढं एक नीट समजलं, तर बाळाला काय लावावं यापेक्षा त्याच्या अंगावरून काय दूर करावं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वैद्यकशास्त्रालाही हे समजायला वेळ लागला. ओल्या लंगोटाला सकाळी येणारा झोंबरा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो अमोनियाचा. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जे. व्ही. कुक या डॉक्टरांनी अमोनिया तयार करणारा एक जीवाणू दाखवला आणि पुरळाचा दोष त्याच्यावर ठेवला. पुढची पन्नासेक वर्षं हे मत टिकलं. लंगोट उकळा, जंतुनाशकात बुडवा, लघवीचा वास जाईल ते करा, असे सल्ले त्यातूनच आले. १९७७ मध्ये जेम्स लेडन, अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी तुलना करून पाहिली. पुरळ असलेली बाळं आणि नसलेली बाळं यांच्या लंगोटांतल्या अमोनियाचं प्रमाण त्यांनी मोजलं. फरक सापडला नाही. धडधाकट कातडीवर अमोनिया ठेवून पाहिला तेव्हा विशेष काही झालं नाही. आधीच खरवडलेल्या कातडीवर मात्र तो झोंबला. म्हणजे अमोनियाच्या अंगी भिंत फोडण्याचं बळ नव्हतं. मग भिंत फोडत कोण होतं?

उत्तर १९८०च्या दशकात मिळालं, तेही लघवी आणि शी यांचा एकत्र विचार केल्यावर. शीमध्ये पचनाची विकरं उरलेली असतात. प्रथिनं तोडणारी आणि चरबी तोडणारी ही एन्झाइमं आतड्यात अन्नावर काम करतात, आणि कातडीचा वरचा थर प्रथिनं व चरबीचाच बनलेला असल्यामुळे ती त्याच्यावरही तुटून पडतात. फक्त त्यांना अनुकूल हवामान लागतं. निरोगी कातडी किंचित आंबट असते. तिचा सामू साधारण ५ ते ५.५ च्या घरात असतो. जन्मतः तो जवळजवळ उदासीन असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत खाली येतो. या आंबटपणात शीमधली विकरं मंदावतात. पण शीमधल्या जीवाणूंकडे युरिएज नावाचं आणखी एक विकर असतं, जे लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतं. अमोनियाने सामू चढतो, सामू चढला की विकरं जोमाने कामाला लागतात. कुक यांचा आरोपी अगदी निर्दोष नव्हता असं म्हणायला हवं: घरफोडी दुसऱ्याने केली, दार याने किलकिलं करून दिलं. म्हणून नुसत्या शूपेक्षा शी आणि शू एकत्र होऊन तासभर तशीच राहणं कितीतरी वाईट.

आणि या सगळ्याआधी ओल आपलं काम करून चुकलेली असते. बाळाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर मोठ्या माणसाच्या थरापेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. नवजात बाळ दिवसातून वीसेक वेळाही शू करतं. सतत भिजून हा थर फुगतो, मऊ पडतो, पेशींमधली चरबीची सांधेजोड सैल होते. भिजलेल्या कातडीवर कापड घासलं की कोरड्या कातडीपेक्षा जास्त घर्षण होतं, आणि तिच्यातून बाहेरची रसायनं आत शिरणंही सोपं जातं. पावसात भिजलेल्या मातीच्या भिंतीला नखानेसुद्धा पोपडा निघतो, तसंच हे आहे.

या दृष्टीने पाहिलं की घरगुती निरीक्षणांचाही अर्थ लागतो. निरीक्षणं खोटी नसतात, कारण चुकलेलं असतं. दात येताना बूड लाल होतं असं आजी म्हणते. दात साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि उष्टावणही त्याच सुमारास होतं. वरचं अन्न सुरू झालं की शी बदलते, तिच्यातले जीवाणू बदलतात, आणि पुरळाचं प्रमाण पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात वाढतं. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी अधिक आंबट असते आणि तिच्यात युरिएज कमी असतं, म्हणून अशा बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो. जुलाब लागले की विकरं पुरती निष्क्रिय व्हायच्या आत बाहेर पडतात आणि अर्ध्या दिवसात कातडी सोलवटते. या कशातही आईने आंबा किंवा पपई खाल्ल्याचा संबंध नाही. बाळंतिणीच्या ताटातून एकेक पदार्थ काढत जाण्याने बाळाचं बूड बरं होत नाही, आईची मात्र उपासमार होते.

आता सर्वांत मोठा आक्षेप. आमच्या वेळी हे डायपर नव्हते, जुन्या लुगड्याचे मऊ लंगोट होते आणि पुरळ कुठे होतं, असं ठामपणे सांगितलं जातं. पुरळ होतं, कुक यांचा १९२१चा लेख कापडी लंगोटांच्याच काळातला आहे. पण आक्षेपात तथ्यही आहे. लंगोट भिजला की बाळ रडतं, दुपट्यातून ओल मांडीवर घेणाऱ्याच्या कपड्यांपर्यंत येते आणि लंगोट लगेच बदलला जातो. शिवाय मधला बराच वेळ बाळ उघडंच खेळत असतं. त्या पद्धतीचा गुण कापडात कमी आणि तिने घरातल्यांना लावलेल्या घाईत जास्त होता. त्याच लंगोटावर प्लास्टिकची चड्डी चढवली की तो सगळा गुण जातो. ओल आत कोंडते आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. डायपरचं उलट आहे. त्यातलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतं. खारट लघवी त्याहून पुष्कळ कमी, तरीही कापूस किंवा सुती कापडापेक्षा फार जास्त. १९८०च्या दशकात हे दाणे डायपरमध्ये आले आणि कातडीजवळची ओल खरोखर कमी झाली. मात्र शू जेलमध्ये बांधली जाते, शी बांधली जात नाही. आणि कोरडेपणामुळे बाळ रडत नसल्याने ‘बारा तास’ लिहिलेला डायपर बारा तास ठेवला जातो. तो आकडा गळती न होण्याचा आहे. बाळाच्या कातडीने त्यावर सही केलेली नाही.

मग दोहोंत श्रेष्ठ काय? डायपरच्या बाजूने निघालेले बरेच अभ्यास डायपर बनवणाऱ्या कंपन्यांच्याच संशोधकांनी केले आहेत. २००६ मध्ये कोक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पुरळ टाळण्यासाठी फेकायचे डायपर वापरावेत किंवा वापरू नयेत, यांपैकी काहीच ठामपणे म्हणण्याजोगा चांगला पुरावा मिळाला नाही. माझ्या मते हा वाद चुकीच्या वस्तूभोवती फिरतो. मोजायचे असतील तर कातडी ओली राहिल्याचे तास आणि शी टेकून राहिल्याची मिनिटं मोजावीत. रात्रीच्या लांब झोपेत चांगला डायपर, दिवसा घरी सुती लंगोट आणि रोज थोडा वेळ काहीच नाही, अशी सरमिसळ कुठल्याही एका निष्ठेपेक्षा शहाणपणाची. पावसाळ्यात चार दिवस दमट राहिलेले, साबणाचा अंश न निघालेले लंगोट कापडी आहेत म्हणून चांगले ठरत नाहीत. पाळणाघरात बाळ ठेवणाऱ्या आईवडिलांना दर तासाला बदलणं शक्य नाही हे खरं, पण शी झाल्याबरोबर बदला, एवढा एकच आग्रह धरला तरी लढाईचा मोठा भाग जिंकला जातो.

स्वच्छतेच्या बाबतीत आपण बहुधा जास्तच करतो. कोमट पाणी, मऊ कापड किंवा कापूस, घासण्याऐवजी टिपणं, एवढं पुरतं. मँचेस्टरमध्ये २८० नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुगंधविरहित ओले वाइप्स पाणी-कापसाइतकेच निर्धोक ठरले. पण त्यावरून सगळेच वाइप्स तसे असं समजू नये. त्यांत वापरलं जाणारं मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक अ‍ॅलर्जीसाठी इतकं कुप्रसिद्ध झालं की युरोपीय संघाने अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी घातली. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतणं, डाळीच्या पिठाने बूड चोळणं, वारंवार साबण लावणं यांनी आंबटपणाचा थर जातो किंवा कातडी खरवडली जाते. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली जाड लावावी. कोकणात पावसाआधी मातीच्या भिंतीला माडाच्या झापांचा आडोसा करतात, तसं हे काम: भिंत बांधायची नाही, पाणी अडवायचं. पुढच्या वेळी फक्त वरची घाण पुसावी. खालचा पांढरा थर दर वेळी खरडून काढला तर मलमानेच इजा होते.

पावडरीचं काय? तिच्याबद्दल आपल्याकडे एवढं प्रेम आहे की टोपरं-झबल्याबरोबर डबा आल्याशिवाय बारसं पुरं होत नाही. ओलीत तिच्या गुठळ्या होतात, त्या घड्यांत रुततात आणि घासतात. हवेत उडालेली बारीक पूड बाळाच्या फुप्फुसात जाऊन जीवावर बेतल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. महाराष्ट्रात तिचा वाद गाजला तो वेगळ्याच कारणाने. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नमुन्यांचा सामू मानकात बसत नाही म्हणून मुलुंडच्या बेबी पावडर कारखान्याचा परवाना रद्द केला. न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या फेरतपासणीत नमुने मानकात बसले आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरवला. खटला कायद्याने मिटला. पण सामू बरोबर असलेल्या पावडरीचीही बाळाला गरज काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. याहून भयंकर धडा फ्रान्सचा. १९७२ मध्ये तिथे एका बेबी टाल्कमध्ये चुकून हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून जास्त प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ बाळं दगावली. वरून शिंपडलेली पूड मेंदूपर्यंत पोचली, कारण लंगोटाखालची सोललेली, दमट कातडी हे उघडं दार असतं.

हेच दार औषधाच्या बाबतीतही लक्षात ठेवायला हवं. पुरळ तीन-चार दिवसांहून जुनं झालं, घड्यांतही शिरलं, लालभडक पट्ट्याच्या कडेला सुटे सुटे छोटे फोड दिसू लागले, की बहुधा कँडिडा या बुरशीने घर केलेलं असतं. प्रतिजैविकं घेतलेल्या बाळांत हे जास्त दिसतं. त्याला बुरशीविरोधी मलम लागतं आणि ते डॉक्टरने बघून द्यायचं असतं. पू, पाण्याचे फोड, ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावं. तोंडाभोवती आणि हातापायांवरही तसंच पुरळ येऊन जुलाब चालू असतील तर शरीरात जस्ताची कमतरता आहे का, हे तपासावं लागतं. आपल्याकडे मात्र औषधांच्या दुकानातून स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची एकत्र ट्यूब मागून आणली जाते. दोन दिवसांत लाली ओसरते, सगळे खूश होतात. डायपर कातडीवर घट्ट बसत असल्याने तीव्र स्टिरॉइड आत अधिक शोषलं जातं; कातडी पातळ होते, बुरशी लपून पसरते, आणि लांब वापराने बाळाच्या स्वतःच्या संप्रेरकांचं चक्र बिघडल्याची उदाहरणं आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. घरातल्या कपाटात, कुणा मोठ्याच्या गजकर्णासाठी आणलेली अर्धी ट्यूब पडलेली असेल, तर तिच्यावरची बारीक अक्षरं आजच वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं दिसलं, तर ती बाळाच्या लंगोटाखाली जाता कामा नये.