विचार, सत्ता आणि नेमणुकीचा कागद

एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने अमेरिकी सरकारच्या अटी धुडकावल्या आणि दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी गोठवला गेला. सप्टेंबरात न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. कोलंबिया विद्यापीठाने मात्र जुलैतच वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून तडजोड केली. प्राध्यापकवर्ग डावीकडे झुकलेला आहे, वेगळ्या मतांना तिथे थारा नाही, ही तिकडच्या उजव्यांची तक्रार जुनी आहे आणि ती सगळीच खोटी नाही. पण तक्रार खरी असली म्हणून सरकारने अभ्यासक्रमात आणि नेमणुकांत हात घालावा, हे मला मान्य नाही. परभणीत राहून हे ठामपणे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे, कारण आपण हे भोगलेले आहे.

१९३८ साली परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ने परवानगीशिवाय सभा घेण्यास बंदी केली होती. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते. मराठी मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज, नाहीतर थेट हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. तिथे शिक्षण उर्दूतून. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले आणि त्यावर बंदी आली. लोण उस्मानियात पोहोचले. मुलांनी माघार घेतली नाही, तेव्हा शेकडो जणांची नावे पटावरून गेली. परत घ्यायचे तर पुन्हा गाणार नाही अशी लेखी हमी हवी होती.

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. घरी शेती, बापाने पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे, आणि समोर टेबलावर हमीपत्र. सही केली तर वर्ष वाचते. बऱ्याच जणांनी ती केली नाही. त्यांना हात दिला नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव हेही याच लढ्यात संस्थानाबाहेर पडले आणि पुढे पुणे-नागपुरात शिकले. मुलांचे धैर्य मोठे होतेच, पण ते फळाला आले ते निजामाचा हुकूम नागपुरात चालत नव्हता म्हणून. एका सत्तेच्या कक्षेबाहेर दुसरे विद्यापीठ असणे किती मोलाचे असते, हे मराठवाड्याच्या त्या पिढीने अनुभवले.

आज तडजोड करणाऱ्या त्याच कोलंबियात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले. त्यांचे गुरू जॉन ड्युई हे १९१५ साली स्थापन झालेल्या अमेरिकी प्राध्यापक संघटनेचे पहिले अध्यक्ष. बाबासाहेब तिथून गेल्यावर पुढच्याच वर्षी, ऐन महायुद्धात, कोलंबियाच्या विश्वस्तांनी युद्धाविरुद्ध भूमिका घेणाऱ्या दोन प्राध्यापकांना काढले. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते, तरी या बडतर्फीच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. विरोधी मताच्या माणसासाठी आपली नोकरी सोडणारा प्राध्यापक मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो.

१९४० साली अमेरिकी प्राध्यापकांच्या याच संघटनेने महाविद्यालयांच्या संघटनेसोबत निवेदन काढले. त्यात विचारस्वातंत्र्याला नोकरीच्या शाश्वतीची जोड दिली होती: परीक्षाधीन काळ जास्तीत जास्त सात वर्षे, त्यानंतर सबळ कारण आणि रीतसर सुनावणीशिवाय काढायचे नाही. तरीही १९५० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने कम्युनिस्टविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या ३१ जणांना काढलेच. हमीपत्रे तिकडेही होती.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. इथे दडपण सरकारचे नव्हते, गावाचे होते. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातली वडीलधारी माणसेही नामांतरावर दुभंगली. हमीपत्राविरुद्ध उभा राहिलेला प्रदेश आपल्याच गावातल्या विद्यार्थ्याला सुरक्षित ठेवू शकला नाही, हे लिहिताना आजही त्रास होतो. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि परभणीची महाविद्यालये तिकडे गेली.

विचारवंत नरहर कुरुंदकर जन्मले नांदापूरला, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य असताना, त्यांनी हिंदुत्ववाद्यांना सुनावले, मुस्लिम राजकारणाची चिकित्सा केली आणि ज्या समाजवाद्यांत ते वाढले त्यांनाही सोडले नाही. असा माणूस आज आपल्या महाविद्यालयात उभा राहील का?

विचारसरणीवर चर्चासत्रे भरतात, पण मुद्दा नेमणुकीच्या आदेशावर येऊन थांबतो. आज कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले. मानधन तासांवर, तेही महिनोन्महिने थकलेले, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. असा शिक्षक वर्गात जातीवर, पीकविम्यावर, निवडणुकीवर बोलताना आधी दाराकडे बघतो. त्याला गप्प करायला कायदा लागत नाही. पुढच्या वर्षी नाव यादीत नसले की झाले. संस्थाचालक कुठल्या पक्षाचा आहे याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतही तासांवर आणि करारावर राबणाऱ्या शिक्षकांची संख्या अशीच वाढली आहे, आणि फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा करून कायम प्राध्यापकांनाही दर पाच वर्षांनी तपासणीखाली आणले.

म्हणून स्वातंत्र्यावरच्या भाषणांआधी मला भरतीचा हिशेब हवा आहे. प्रत्येक महाविद्यालयाने मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, हे फलकावर लावावे. मानधन दरमहा द्यावे. आणि कुणाला कामावरून कमी करायचे असेल, तर कारण लेखी द्यावे.