ही अट मुलांनाही आहे ना?

अजून उजाडायचं असतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ प्राणहिता नदीच्या काठाला ताडावर चढलेला माणूस कमरेचा दोर सावरत रात्रभर ठिबकलेल्या रसाचं मडकं खाली उतरवतो. त्या रसाचा एक घोट घ्या. गोड लागतो! ही नीरा. हाच रस ऊन चढेपर्यंत तसाच ठेवा. डोळ्यांना न दिसणारं यीस्ट त्यातली साखर खात सुटतं, फेस येतो, आंबूस वास दरवळतो आणि नीरेची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर मात्र हे आंबणं लांबतं. झाड तेच, रसही तोच. पुढे काय होणार ते मडक्यावर ठरतं.

या रसात माणसाला पोसणारं काय आहे, हे प्रयोगशाळेत मोजून पाहणारी एक मराठी बाई होती. आणि त्याच बाईला प्रयोगशाळेत पाऊल टाकू द्यायचं की नाही, इथूनच तिची लढाई सुरू झाली होती. तिचं नाव कमला सोहोनी. माहेरची भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.

जुन्या काळातल्या बायकांच्या मालिका आपण मनापासून पाहतो. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ आली आणि रमाबाई रानडे घराघरांत पोचल्या. शिकू पाहणाऱ्या मुलीला घर कसं अडवतं, ते आपण रोज रात्री पाहिलं. पण घराचा उंबरठा ओलांडून, पदवी हातात घेऊन कामाच्या जागी पोचलेल्या बाईला कोण अडवतं? आणि कसं? कमलाबाईंच्या गोष्टीत ते लख्ख दिसतं.

साल १९३३. बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, लोकांच्या तोंडी ‘टाटा इन्स्टिट्यूट’. कमलाचे वडील आणि काका इथेच शिकलेले. ती स्वतः रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान घेऊन मुंबई विद्यापीठाची पदवीधर झालेली. तिने प्रवेशासाठी अर्ज पाठवला. संचालक होते सी. व्ही. रामन, १९३० सालचं नोबेल मिळालेले. त्यांनी नकार दिला. गुण कमी पडले होते? नाही. अर्ज मुलीचा होता, एवढंच.

वडिलांनी विनवून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग ही बावीस वर्षांची मुलगी थेट बंगळूरला गेली आणि सत्याग्रह करीन म्हणाली! नोबेलविजेत्यासमोर उभं राहून तिने विचारलं, मुलगी आहे म्हणून का नाही? अखेर रामन नमले, पण तीन अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ती तिसरी अट पुन्हा वाचा. लक्ष विचलित होणार त्यांचं आणि जबाबदारी मात्र तिची! अधिकार कसा चालतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. बंद दार निदान बंद आहे हे दिसतं, त्यावर थाप मारता येते. अटी घालून किलकिलं केलेलं दार उपकारासारखं वाटतं. आत गेलेल्या बाईने आभार मानायचे आणि रोज स्वतःला सिद्ध करत राहायचं.

कमलाने अटी मान्य केल्या, अपमान लक्षात ठेवला आणि कामाला लागली. श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर तिचं काम सुरू झालं. वर्षभरात तिच्या कामाने रामन यांचं समाधान झालं, तिचा प्रवेश नियमित झाला आणि त्यानंतर रामन त्या संस्थेत मुलींना प्रवेश देऊ लागले. एका मुलीने वर्षभर भोगलेल्या अटींवर पुढच्या कितीजणींची वाट तयार झाली!

१९३६ साली एम.एस्सी. झाली आणि पुढे केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर तिचं काम चाललं होतं साध्या बटाट्यावर. बटाटा श्वास घेतो, हे तुम्हाला ठाऊक होतं? त्याची एकेक पेशी घेते. अन्नातली ऊर्जा एकदम पेटली तर पेशी होरपळेल. म्हणून आग विझवताना विहिरीपासून बादल्या जशा हातोहात पुढे जातात, तसे पेशीत इलेक्ट्रॉन या रेणूकडून त्या रेणूकडे जातात. या रांगेतला एक छोटासा गडी म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि तोच ही बादली झेलतो. वनस्पतींच्या पेशींतही हा गडी राबतो, हे बटाट्यापासून सुरुवात करून कमलाने दाखवलं. म्हणजे सिरोंच्याच्या जंगलातला साग, काठावरचा ताड आणि हे वाचणारे तुम्ही, सगळ्यांच्या आत तीच रांग उभी आहे!

तिचा प्रबंध केवढा होता? अवघा चाळीस पानांचा. १९३९ साली तिला पीएच.डी. मिळाली. आणि ज्या केंब्रिजने ती दिली, तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पदव्या मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. अटींचा हा आजार फक्त आपल्याकडचा नव्हता.

देशात परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथलं संचालकपद त्यांच्या हक्काचं होतं, तरी ते चार वर्षं लांबलं. आता कुणी अट घातली नव्हती, फक्त थांबवून ठेवलं होतं.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला तो याच मुंबईच्या काळात. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर आदिवासी बायकांच्या आहारात नीरा आली, तेव्हा त्यांची तब्येत सुधारल्याचं दिसून आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. जिला प्रयोगशाळेत नको म्हटलं होतं, तिच्या प्रयोगाचं फळ जंगलातल्या गरोदर बाईपर्यंत जाऊ शकत होतं. १९३३ साली ते दार उघडलंच नसतं, तर केवढं गमावलं असतं आपण!

रामन मोठे शास्त्रज्ञ होते, हे कमलाबाई मानत. पण आपल्याला दिलेली वागणूक त्या विसरल्या नाहीत आणि पुढे जाहीर सभेत त्यांनी ते बोलूनही दाखवलं. काम करून दाखवायचं आणि अन्यायाला अन्यायही म्हणायचं, हे दोन्ही त्यांनी केलं.

सिरोंच्याची कुणी मुलगी उद्या नागपूरला किंवा हैदराबादला शिकायला, नोकरीला निघाली, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि एक प्रश्नही तिच्या गाठीला बांधून द्या. कुणी अट घातली की शांतपणे विचारायचं, ही अट मुलांनाही आहे ना?