ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, तर?

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारी ठाणे-कल्याण-डोंबिवलीतली अनेक मुलं परळच्या टाटा मेमोरियलला जातात. पण दोन केमोंच्या मधले दिवस घरीच जातात, आणि ताप बहुधा तिथेच येतो. एका मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली असतील, तर अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं. तरीही ९६ तासांत ताप हटला नाही, की डॉक्टर बुरशीच्या मागावर निघतात.

हा शोध किचकट असतो. पू, सूज, एक्स-रेवरचा डाग या खुणा मुख्यतः न्यूट्रोफिल जंतूंशी झुंजतात म्हणून उमटतात. या पेशीच नसल्या तर एक्स-रे स्वच्छ येतो आणि फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी पसरत राहते. म्हणून छातीचा सीटी स्कॅन करतात. मात्र मोठ्यांच्या स्कॅनमध्ये गाठीभोवती दिसणारं धूसर वलय लहान मुलांत अनेकदा दिसतच नाही.

रक्ताच्या चाचण्याही अपुऱ्या पडतात. ब्लड कल्चरमध्ये कँडिडा ही बुरशी साधारण निम्म्या वेळाच सापडते, अ‍ॅस्परजिलस जवळपास कधीच नाही. गॅलॅक्टोमॅनन चाचणी अ‍ॅस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतली शर्करा हुडकते. २०२१ मध्ये महाराष्ट्राला धडकी भरवणारी म्युकर, म्हणजे ‘काळी बुरशी’, तिच्या हाती लागत नाही. इथे गफलत महागात पडते, कारण अ‍ॅस्परजिलसवरचं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. खात्रीसाठी बाधित भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक आणि लघुकोनात फुटणारे, तर म्युकरचे रुंद, फितीसारखे. पण प्लेटलेट कमी असलेल्या मुलाचा तुकडा काढणंच जोखमीचं.

थॅलेसेमियाची गोष्ट थोडी निराळी. सिंधी समाजात या आजाराचे वाहक तुलनेने जास्त, त्यामुळे सिंधी वस्तीच्या शेजारच्या उल्हासनगरात तो परिचयाचा आहे. वारंवार रक्त चढवल्याने साठणारं लोह काढण्यासाठी डेफेरॉक्झामिन देतात. म्युकर गटातली बुरशी नेमकं या औषधाने बांधलेलं लोह वापरून फोफावू शकते. म्हणून मूल कोणतं औषध घेतं, हीसुद्धा निदानातली महत्त्वाची माहिती ठरते.

धोका हवेतही असतो. जुन्या इमारती पाडताना उडणाऱ्या धुळीत अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू असतात. घराशेजारी पाडकाम सुरू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं.

थोडक्यात, एकट्या रिपोर्टवर निकाल लागत नाही. तापाची वेळ, पेशींची संख्या, औषधं, स्कॅन, तुकडा हे सगळं एकत्र मांडून डॉक्टर ठरवतात, आणि दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता बुरशीविरोधी औषध सुरू करतात. यातली पहिली नोंद, ताप नेमका कधी चढला याची, आईवडिलांनीच करायची असते.