माढ्याच्या शाळूतलं माल्ट

ज्वारीच्या पिठाची चांगली घट्ट आंबील शिजवा, इतकी घट्ट की पळी उभी राहावी. भांडं उतरवून थोडं निवू द्या. बोट क्षणभरच टेकवता येईल एवढी ऊब राहिली, म्हणजे साधारण 60-65 अंश, की त्यात मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं चमचाभर पीठ घालून ढवळत राहा. काही मिनिटांतच पळी आडवी होते, आंबील पातळ होते आणि जिभेला किंचित गोडही लागते. पाण्याचा थेंबही वाढवलेला नसतो. दाणा अंकुरताना त्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात. पिठातल्या स्टार्चच्या लांबलचक साखळ्या ती तोडतात आणि त्यातून साखर सुटते. टांझानियात असं पीठ लहान मुलांच्या पेजेत घालतात आणि त्याला किमेया म्हणतात. आपल्याकडे नाचणीच्या सत्त्वामागे हेच ज्ञान आहे.

जगातली प्रत्येक बिअर याच पायरीवर सुरू होते. ओटमील स्टाउट ही काळी, दाट इंग्लिश बिअर घ्या. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडून 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. धान्यात ओटचा वाटा साधारण 5 ते 15 टक्के असतो. ओटमधलं बीटा-ग्लुकान पाण्यात चिकट होतं आणि त्यामुळे घोट तोंडात रेशमी वाटतो. वाटा याहून फार वाढवला तर लगदा इतका चिकट होतो की रस खाली गळायलाच तयार नसतो. काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा येतो तो काळंभोर भाजलेल्या जवापासून. माल्ट फिरत्या पिंपात न जाळता काळं भाजायच्या यंत्राचं पेटंट डॅनियल व्हीलरने 1817 मध्ये घेतलं. तेव्हापासून थोड्याशा काळ्या माल्टवर अख्ख्या पिंपाला रंग येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओटमील स्टाउट आजाऱ्यांचं आणि अशक्तांचं पौष्टिक पेय म्हणून खपत होती. पुढे ती जवळजवळ नाहीशी झाली. टॅडकॅस्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने 1980 मध्ये, एका अमेरिकी आयातदाराच्या आग्रहावरून, ती पुन्हा बाजारात आणली.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यात ही घरी करावी का? करू नये. महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य गाळणं वा आंबवून तयार करणं गुन्हा आहे, आणि घरच्या पिंपाला त्यातून सूट नाही. परवाना घेऊन ताजी बिअर करणारं ‘डूलाली’ पुण्यात 2009 साली सुरू झालं, तेव्हापासून राज्यात छोट्या ब्रुअरींची रांग लागली. माझं मागणं त्यांच्याकडे आहे: जव आणि ओट दुरून आणता, मग सोलापूरच्या शाळूकडे, म्हणजे रब्बी ज्वारीकडे, बघा.

माढा, मोहोळ, मंगळवेढा हा रब्बी ज्वारीचा पट्टा. हस्ताच्या आगेमागे पेरणी आणि मग काळ्या रानात साठलेल्या ओलीवरच पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत निघतं. मालदांडी 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं असूनही उजनी धरणाचं पाणी आलं तिथे ऊस आला आणि शाळू कोरडवाहू तुकड्यांत सरकला. आज बरेच जण तो पेरतात, ते दाण्याइतकंच कडब्यासाठी. दाण्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर हे चित्र थोडं तरी हलेल, असं मला मनापासून वाटतं.

अडचणी खऱ्या आहेत. ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, आणि तेवढ्या उष्णतेत माल्टमधली विकरं मरतात. म्हणून आफ्रिकेत ज्वारीची पेज आधी शिजवतात, निववतात आणि मगच माल्ट घालतात. आरंभीचा चमचाभर पिठाचा प्रयोग नेमका हाच क्रम आहे. हे मोठ्या प्रमाणावरही जमतं. नायजेरियाने 1988 पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं, आणि गिनेससारखी काळी स्टाउटसुद्धा ज्वारीवर निघू लागली. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हा-जवाची बाधा होणाऱ्यांना त्याचं मोल कळेल.

घरी माल्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कोवळ्या ज्वारीत जनावर सोडायचं नाही, हे आपल्याकडे गुराख्याला शिकवावं लागत नाही. कोवळ्या धाटात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं आणि ते दाण्याच्या मोडातही उतरतं. म्हणून ज्वारी रात्रभर भिजवून, दोन-तीन दिवस ओल्या फडक्यात बांधून मोड आले की कडक उन्हात खडखडीत वाळवावी. मग दोन्ही तळव्यांत चोळून मोड आणि मुळ्या पार झडू द्याव्यात, सुपात पाखडून टाकाव्यात आणि उरलेला दाणाच दळावा. पीठ आंबिलीत घातल्यावरही तिला एक उकळी येऊ द्यावी.

स्टाउटच्या जवळची पण दारू नसलेली चीज हवी असेल तर ती आंबीलच. ज्वारीचं वाटीभर साधं पीठ ताकात कालवून रात्रभर मातीच्या भांड्यात ठेवावं. थंडीत जरा जास्त वेळ लागतो. इथे काम करतात ते ताकातले जिवाणू. साखरेचं ते मुख्यतः आम्ल करतात, म्हणून आंबील आंबते, चढत नाही. सकाळी पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवावी. जिरं, ठेचलेला लसूण, मीठ घालावं. दहा वाट्यांतली एक वाटी ज्वारी कॉफीच्या रंगाची होईपर्यंत भाजून दळली, तर त्याच आंबिलीला स्टाउटचा खमंग कडवटपणा येतो. बार्शी ओलांडून धाराशिव-लातूरकडे गेलात तर मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला ही आंबील मडक्यातून शेतात नेतात आणि भज्जीबरोबर पोटभर पितात. दिवाळीनंतर बरोबर दोन महिन्यांनी ती येते. तोवर शाळू पोटरीत आलेला असतो आणि गेल्या वर्षीची ज्वारी अजून कणगीत शिल्लक असते.